एकट्या शिकाऱ्याचा बेत : सार्वजनिक भूमी, एकांत आणि शिकारकथन

१

शिकारकथनाची चर्चा करताना समीक्षेचे लक्ष सामान्यतः एका क्षणावर खिळलेले असते. सावज समोर येते, बंदूक खांद्याला लागते आणि माणूस व जनावर यांच्यातील अंतर निर्णायक रीतीने मिटते. या क्षणाला पौरुषाचे, दीक्षाविधीचे किंवा मृत्यूविषयक जाणिवेचे अर्थ दिले गेले आहेत आणि ते सर्वस्वी गैर आहेत असे नाही. परंतु या क्षणापूर्वी एक दीर्घ काळ गेलेला असतो. कोठे जायचे, कोणत्या दिवसांत जायचे, परवाना कोणाकडून मिळेल, पाठीवर किती ओझे न्यायचे, मारलेले जनावर परत कसे आणायचे, याचा विचार या काळात झालेला असतो. कथनमीमांसेत हा सारा व्यवहार 'पूर्वतयारी' म्हणून बाजूला पडतो. देवळात शिरताना चपला बाहेर काढून ठेवाव्यात, तसा तो कथेच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवला जातो.

शिकारी एकटा असला आणि तो सार्वजनिक भूमीवर जाणार असला, म्हणजे मात्र ही विभागणी टिकत नाही. गटाने केलेल्या शिकारीत बेत बोलण्यातून ठरतो आणि बोलण्यातच विरून जातो. एकट्याचा बेत लिहावा लागतो. नकाशावरच्या खुणा, सामानाची यादी, परवान्यावरचा मजकूर आणि घरी ठेवलेली चिठ्ठी मिळून एक संहिताच तयार होते. तिचे व्याकरणही कथेहून निराळे आहे. कथा भूतकाळात सांगितली जाते. बेत विध्यर्थात लिहिला जातो : अमुक वाटेने जावे, वारा फिरल्यास थांबावे, अंधारापूर्वी परतावे. कथेत जे घडले ते अटळ वाटते. बेतात मात्र घडू शकणाऱ्या अनेक गोष्टींना जागा ठेवलेली असते.

प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे की, शिकारकथेतील एकांत ज्या सार्वजनिक व्यवस्थेवर उभा असतो तिची नोंद बेतात असते. आणि कथा 'एकटा माणूस आणि रान' या मिथकाच्या रचनेसाठी ती नोंद पुसून टाकते. म्हणून कथेचे मोल ठरवताना, तिने आपल्यामागचा बेत किती पुसला आणि किती शिल्लक ठेवला, हा प्रश्न गौण ठरत नाही.

२

'सार्वजनिक भूमीवरील शिकार' ही कल्पना मुळात अमेरिकन आहे आणि ती तिच्या संदर्भातच समजून घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये शिकार हा शतकानुशतके जमीनदारीशी जोडलेला अधिकार होता. १७२३ च्या 'ब्लॅक अ‍ॅक्ट'ने तोंडाला काळे फासून राखीव रानात हरणाच्या मागावर जाणाऱ्याला फाशीची तरतूद केली होती. रशियात तुर्गेनेव्हच्या शिकारचित्रांचा (१८५२) निवेदक बंदूक घेऊन मोकळेपणी हिंडतो. पण तो मोकळेपणा जमीनदाराच्या पोराचा आहे आणि वाटेत भेटणाऱ्या भूदासांना तो उपलब्ध नाही. अमेरिकेत मात्र राज्यसंस्थेच्या मालकीचे अफाट क्षेत्र कोणत्याही नागरिकाला, जमीनमालकाची मेहेरबानी न घेता, शिकारीसाठी खुले राहिले. तेथील संघराज्याच्या ताब्यात सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. म्हणजे देशाच्या भूमीचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग. त्यातील सुमारे २४.५ कोटी एकर भूव्यवस्थापन खाते पाहते आणि सुमारे १९.३ कोटी एकर वनखात्याकडे आहे. राष्ट्रीय उद्यानांसारखे अपवाद वगळता यातील पुष्कळसे क्षेत्र शिकारीला मोकळे असते.

परंतु ही मोकळीक निर्बंधांनी घडवलेली मोकळीक आहे. पश्चिमेकडील राज्यांत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचे तर बऱ्याच क्षेत्रांसाठी परवान्याचा अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो. परवाने सोडतीने निघतात, आणि ज्याचा क्रमांक लागत नाही त्याच्या नावावर पुढील वर्षासाठी गुण जमा होतात. परवान्यावर क्षेत्र, तारखा, जनावराचे लिंग, वापरायचे हत्यार हे सारे नमूद असते. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरील उत्पादनशुल्क राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवले. लांब नळीच्या बंदुकांवर ते ११ टक्के आहे. म्हणजे काडतुसांची पेटी घेताक्षणीच एकटा शिकारी एका सार्वजनिक हिशेबात दाखल झालेला असतो.

या निर्बंधांत काही असे आहेत की ज्यांचा अर्थ चिन्हमीमांसेच्या अंगाने लावता येतो. कोलोरॅडोत बंदुकीने मोठ्या जनावराची शिकार करणाऱ्याच्या अंगावर कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड असावे लागते, आणि डोक्यावरही तोच रंग लागतो. हरणाच्या डोळ्यांना नारिंगी रंग माणसाला दिसतो तसा भडक दिसत नाही. हे चिन्ह इतर शिकाऱ्यांना उद्देशून आहे. निर्मनुष्य रानात एकटा वावरणारा माणूस अंगावर असे वस्त्र घालतो, ज्याचा अर्थ 'येथे आणखी माणसे आहेत' एवढाच होतो. वायोमिंगचा नियम त्याहून बोलका आहे. संघराज्याने 'निर्जन अरण्य' म्हणून राखलेल्या क्षेत्रात परराज्यातील माणसाला मोठ्या जनावराची शिकार परवानाधारक वाटाड्याशिवाय किंवा स्थानिक सोबत्याशिवाय करता येत नाही. त्याच रानात त्याने एकट्याने भटकावे, तंबू ठोकावा. शिकार मात्र एकट्याने करू नये. एकांतालाही रहिवासाचा दाखला लागतो, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

नकाशाची गोष्टही अशीच आहे. १८६२ पासून रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतच्या जमिनी एकाआड एक चौरसांत दिल्या गेल्या. त्यामुळे पश्चिमेत आजही खाजगी आणि सार्वजनिक भूखंड बुद्धिबळाच्या पटासारखे पसरलेले आहेत. एका सार्वजनिक चौरसाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्या सार्वजनिक चौरसात पाऊल टाकताना खाजगी जमिनीवरील हवेतून देह जातो, तो अतिक्रमण ठरतो काय? २०२१ साली वायोमिंगमधील एल्क पर्वतावर काही शिकारी शिडीच्या साहाय्याने असे कोपरे ओलांडून गेले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात संघराज्याच्या दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०२५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिकाऱ्याच्या एका पावलाला इतका दीर्घ कायदेशीर इतिहास चिकटलेला असतो. कथेत मात्र ते पाऊल पाचोळ्यावर पडते, आणि तेवढेच लक्षात राहते.

बेतातील सर्वांत कठोर भाग परतीचा असतो. पूर्ण वाढलेला नर एल्क तीनशे किलोंच्या आसपास भरतो. जागेवरच हाडे काढून टाकली तरी ऐंशी ते शंभर किलो मांस उरते आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा अनेक राज्यांत गुन्हा आहे. एका माणसाने एका खेपेत पंचवीस ते तीस किलो वाहिले, तर चार खेपा होतात. जनावर रस्त्यापासून पाच किलोमीटरवर पडले असेल, तर चार वेळा ओझ्यासह येणे आणि तीन वेळा रिकाम्या पाठीने परत जाणे, अशी ही पस्तीस किलोमीटरांची चाल. त्यात ऊन चढले तर मांस नासते आणि रात्र झाली तर अस्वल वास काढत येते. म्हणून शहाणा शिकारी नकाशावर एक वर्तुळ काढतो आणि त्यापलीकडे दिसलेल्या जनावरावर बंदूक उचलायची नाही असे आधीच ठरवून टाकतो. हे वर्तुळ भूगोलाचे आहे तसेच नीतीचेही आहे. आपल्या पायांना आणि पाठीला जे निस्तरता येईल तेवढेच मारण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे ते सांगते.

३

एकट्याच्या शिकारीची नैतिक अडचण अल्डो लिओपोल्ड या अमेरिकन वनाधिकाऱ्याने नेमकी ओळखली होती. लिओपोल्ड १९०९ साली वनखात्यात रुजू झाला. न्यू मेक्सिकोतील गीला हे क्षेत्र १९२४ मध्ये रस्त्यांपासून मुक्त अरण्य म्हणून राखले गेले, ते त्याच्या पुढाकाराने. त्याच्या मृत्यूनंतर, १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या पुस्तकात तो असे दाखवून देतो की, इतर खेळांप्रमाणे शिकारीला प्रेक्षक नसतात. शिकाऱ्याची कृती योग्य की अयोग्य हे पाहणारे तेथे कोणी नसल्यामुळे तिचा निवाडा त्याच्या स्वतःच्या सदसद्विवेकावर सोपवलेला असतो. याच विवेचनात तो आधुनिक साधनांच्या गर्दीवर टीका करतो. साधने वाढली की कौशल्य आणि संयम यांची जागा ती घेतात, असा त्याचा आक्षेप आहे.

या ठिकाणी बेताचे कार्य स्पष्ट होते. साक्षीदार नसलेल्या जागी बेत साक्षीदार होतो. इतक्या अंतरापलीकडे गोळी झाडणार नाही, जनावर जायबंदी होऊन पळाले तर अंधार पडेपर्यंत माग काढीन आणि दुसऱ्या दिवशीही काढीन, ही सारी वचने घरच्या दिव्याखाली, रक्त तापलेले नसताना दिलेली असतात. ती मोडली तर कोणाला कळणार नाही. पण ती लिहिलेली असल्यामुळे मोडणाऱ्याला ती मोडल्याचे कळते. बेताची नैतिक ताकद एवढीच आहे आणि ती कमी नाही.

ओर्तेगा इ गॅसेट या स्पॅनिश तत्त्वज्ञाने १९४२ साली एका सरदाराच्या शिकारग्रंथाला लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेत शिकारीची जी मीमांसा केली, तीतही आत्मनियमनाला मध्यवर्ती स्थान आहे. माणसाचे यांत्रिक सामर्थ्य जनावराच्या तुलनेत इतके वाढले आहे की, ते स्वेच्छेने आवरले नाही तर शिकार ही शिकार राहत नाही, केवळ संहार उरतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. सावजाला निसटण्याची संधी असणे हे शिकारीचे घटकतत्त्व ठरते. मात्र ओर्तेगाचा शिकारी हा अमूर्त 'मनुष्य' आहे. त्याच्या हातात परवाना नाही, त्याने सोडतीत नाव घातलेले नाही, त्याच्या रानाला मालक नाही. त्यामुळे आत्मनियमन ही त्या मनुष्याची उदात्त निवड वाटते. सार्वजनिक भूमीवरील बेत वाचला की लक्षात येते, हे नियमन पुष्कळ अंशी इतरांशी झालेल्या कराराचे रूप आहे. एकाने दोन जनावरे मारली तर दुसऱ्याच्या वाट्याचे एक जाते. ओर्तेगाची मीमांसा गुणांची आहे. बेत वाटणीचाही विचार करायला लावतो.

४

ललित साहित्याकडे वळताना प्रथम हेमिंग्वेच्या 'बिग टू-हार्टेड रिव्हर' (१९२५) या कथेचा विचार करणे सोयीचे होईल. ही कथा मासेमारीची आहे. परंतु एकट्या माणसाच्या बेताचे असे चित्रण शिकारकथांतही क्वचित आढळते. निक अ‍ॅडम्स मिशिगनच्या उत्तर भागात गाडीतून उतरतो. सीनी हे गाव जळून गेले आहे. पाठीवर अवजड ओझे घेऊन तो चालू लागतो, तंबू ठोकतो, डबे उघडून जेवण करतो आणि दुसऱ्या दिवशी नदीत उतरतो. कथेत घडते ते एवढेच. तिचे गद्य जवळजवळ यादीसारखे आहे. एक कृती, मग तिच्यानंतरची कृती, आणि त्यांच्यामध्ये विचाराला शिरायला फट ठेवलेली नाही. निक युद्धावरून परतला आहे, हे कथेत कोठेही सांगितलेले नाही. पण बेताला इतक्या घट्टपणे धरून राहणारा माणूस कशापासून तरी स्वतःला सांभाळतो आहे, हे वाचकाला जाणवते. शेवटी नदी ज्या दलदलीत शिरते तेथे तो जात नाही, तो दिवस पुढे ढकलतो. झेपेल तेवढेच आज करायचे, हा बेताचा नियम येथे मनाच्या क्षेत्रात लागू झालेला दिसतो. एल्कच्या शिकाऱ्याने नकाशावर काढलेले वर्तुळ आणि निकने ओलांडायचे टाळलेली दलदल यांचे नाते सरळ आहे.

हेमिंग्वे बेत पुसत नाही, बेतालाच कथा करतो. पण त्याच्या बेतात एक गाळलेली जागा आहे. ज्या मुलुखात निक एकटा हिंडतो तो एकेकाळी पाइन वृक्षांचे घनदाट जंगल होता आणि लाकूड कंपन्यांनी तो तोडून नेला. तोडलेल्या जमिनींवरील कर न भरता मालक निघून गेले, आणि अशा सोडून दिलेल्या जमिनींपैकी बऱ्याच पुढे सरकारजमा होऊन सार्वजनिक रान ठरल्या. निकचा एकांत हा लुटीनंतरचा एकांत आहे. जळलेले गाव आणि काळवंडलेले नाकतोडे यांच्या रूपाने कथा याचा संकेत देते, परंतु तो संकेत निकच्या अंतरंगाचे प्रतीक म्हणून इतका चटकन वाचला गेला की, जमिनीचा इतिहास म्हणून तो वाचायचे बहुधा राहूनच गेले.

फॉकनरच्या 'द बेअर'मध्ये (१९४२) ही उणीव विलक्षण रीतीने भरून निघते. आइक मॅक्कॅस्लिन हा मुलगा ओल्ड बेन या प्रचंड अस्वलाच्या शोधात एकटा रानात शिरतो. बंदूक घेऊन अस्वल दिसत नाही, म्हणून तो बंदूक मागे ठेवतो. तरीही ते दिसत नाही, म्हणून घड्याळ आणि होकायंत्रही झुडपाला अडकवून पुढे जातो, वाट चुकतो, आणि मग अस्वल दर्शन देते. दीक्षाविधीची कथा म्हणून या प्रसंगाची कीर्ती सार्थ आहे. बेताच्या दृष्टीने पाहता, हा बेताच्या क्रमशः विसर्जनाचा प्रसंग आहे. पण विसर्जन करण्यासाठी मुळात बेत असावा लागतो आणि तो आइकला सॅम फादर्सने दिलेला आहे. चिकासॉ प्रमुखाचा आणि गुलाम स्त्रीचा हा मुलगा आइकचा गुरू आहे. रानात आइक एकटा असतो तेव्हाही त्याच्या पावलांत सॅमची शिकवण असते.

हे रान सार्वजनिक नाही. ते मेजर डी स्पेनच्या नावावर आहे आणि पुढे तेथील लाकूड तोडण्याचा हक्क तो एका कंपनीला विकतो. फॉकनरचे मोठेपण असे की, चौथ्या भागात शिकारकथा थांबवून तो वाचकाला मॅक्कॅस्लिन घराण्याच्या जमाखर्चाच्या वह्यांसमोर बसवतो. त्या वह्यांत गुलामांच्या खरेदीची, जन्ममृत्यूंची आणि घराण्याच्या पापाची नोंद आहे. त्या वाचून एकविसाव्या वर्षी आइक वारसा नाकारतो. अनेक वाचकांना हा भाग कथेत उपरा वाटतो, आणि अस्वलाची कथा त्यावाचून सुटसुटीत होते हेही खरे. पण त्यावाचून ती खोटी होईल. रानातील निर्मळ एकांत आणि वहीतील हिशेब ही एकाच जमिनीची दोन वाचने आहेत, हे या रचनेचे सांगणे आहे. सार्वजनिक भूमीवरील शिकाऱ्याचा परवाना हीसुद्धा त्या वहीचीच धाकटी भावंड आहे.

५

वसाहतकालीन हिंदुस्थानातील शिकारकथनात या संबंधाची दुसरी बाजू दिसते. जिम कॉर्बेटचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) हे पुस्तक एकट्या शिकाऱ्याच्या मिथकाचे सर्वपरिचित रूप आहे. त्यातील चंपावतच्या वाघिणीची कथा (शिकार १९०७) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. ४३६ बळींची नोंद जिच्या नावावर होती, त्या वाघिणीच्या मागावर जाण्यापूर्वी कॉर्बेटने सरकारला दोन अटी घातल्या : लावलेली बक्षिसे रद्द करावीत, आणि पाठवलेले खास शिकारी व अल्मोड्याचे शिपाई मागे घ्यावेत. पहिल्या अटीमागे बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणवून घेण्याचा तिटकारा होता, दुसरीमागे चुकून गोळी लागण्याचे भय होते. दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु त्यांचा परिणाम असा की, कॉर्बेटचा एकांत शासकीय आदेशाने निर्माण झाला. आधी रान रिकामे करून घेतले गेले, मग माणूस तेथे एकटा गेला.

कथेचा शेवट तर एकटेपणाच्या मिथकाला छेदच देतो. तहसीलदाराने आसपासच्या गावांतून २९८ माणसे हाका घालायला जमवली. विनापरवाना बंदुका आणल्या तरी त्यांकडे काणाडोळा केला जाईल असे त्याने जाहीर केले होते. कॉर्बेटची काडतुसे संपली आणि अखेरची गोळी त्याने तहसीलदाराकडून घेतलेल्या बंदुकीने झाडली. कॉर्बेट हे काहीही लपवत नाही. उलट, बंदुका बाळगणाऱ्या त्या गावकऱ्यांविषयी त्याच्या लेखनात कौतुक आहे. तरीही वाचकाच्या स्मरणात उरतो तो एकटा कॉर्बेटच. या ठिकाणी दोष निवेदकाचा नाही, वाचनाच्या संकेतांचा आहे. पुरेपूर नोंदवलेला बेतही वाचक आपणहून पुसतो, कारण एकट्या वीराची आकृती त्याला आधीच हवी असते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने आणि त्याच वर्षीच्या वन कायद्याने ज्यांच्या हातून बंदूक आणि रान दोन्ही निसटत गेली, त्यांना एका दिवसापुरती दोन्ही परत मिळाली, हा या कथेतील दडलेला आशय आहे.

६

येथून पुढचा प्रश्न अटळ आहे : सार्वजनिक भूमी सार्वजनिक होण्यापूर्वी कोणाची होती? अमेरिकेतील मूलनिवासी जमातींशी झालेल्या १८६८ च्या करारांत, वस्ती नसलेल्या भूमीवर शिकार करण्याचा हक्क त्यांच्याकडे राखून ठेवला होता. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की वायोमिंग राज्य अस्तित्वात येताच तो हक्क संपला. २०१९ मध्ये क्रो जमातीतील एका शिकाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे तत्त्व बाजूला सारले. तो आणि त्याचे सोबती एल्कच्या मागावर राखीव प्रदेशाची हद्द ओलांडून बिगहॉर्न राष्ट्रीय वनात शिरले होते. राज्य झाल्यामुळे कराराचा हक्क लोपत नाही, आणि राष्ट्रीय वन म्हणून घोषित झाल्याने ती भूमी आपोआप 'वस्तीची' ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या निकालात 'रिकामी भूमी' या शब्दप्रयोगाचा अर्थ उलटा फिरला. ज्या रिकामेपणाने त्या लोकांना इतिहासातून वगळले होते, त्यावरच त्यांचा हक्क टिकला.

लेस्ली मार्मन सिल्को या लगुना प्वेब्लो लेखिकेच्या 'सेरिमनी' (१९७७) या कादंबरीत याचे कलात्मक रूप आढळते. युद्धातून मोडून परतलेला टेयो चोरीला गेलेली गुरे शोधत एकटा पर्वतावर जातो. तेथे गोऱ्या मालकाचे कुंपण आहे. ते कापूनच त्याला पुढे जावे लागते. निक अ‍ॅडम्सप्रमाणे तोही युद्धाने जखमी झालेला आहे आणि तोही एकटा चालतो. पण ज्या भूमीवर तो चालतो ती आपल्या लोकांची होती, हे त्याला माहीत आहे. याच कादंबरीत हरणाच्या शिकारीची एक आठवण येते. मेलेल्या हरणाचे तोंड झाकले जाते, त्याच्या नाकाशी मक्याचे पीठ वाहिले जाते. हीसुद्धा तयारीच आहे. पण ती साधनांची नाही, संबंधांची आहे. पुढच्या वर्षी हरणांनी पुन्हा यावे, यासाठीचा तो व्यवहार आहे. परवान्याच्या सोडतीतून राज्यसंस्था जे साधू पाहते, तेच येथे विधीतून साधले जाते. फरक इतकाच की, सोडतीतला करार माणसामाणसांत आहे आणि विधीतला माणूस व हरीण यांच्यात. टेयोच्या एकांताला म्हणूनच पोकळी म्हणता येत नाही. तो भरलेला आहे.

७

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे शिकार जवळजवळ संपुष्टात आली, आणि रानाविषयीच्या मराठी लेखनात बंदुकीची जागा दुर्बिणीने आणि नोंदवहीने घेतली. शिकारीचा शौक असलेले व्यंकटेश माडगूळकर 'सत्तांतर'मध्ये (साहित्य अकादमी पुरस्कार १९८३) वानरांच्या टोळीकडे निरीक्षकाच्या नजरेने पाहतात. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे लेखन वनखात्याच्या प्रदीर्घ नोकरीतून आले. हे स्थित्यंतर मोलाचे आहे. परंतु दुर्बीण घेऊन रानात जाणाऱ्या एकट्या माणसाच्या मागेही परवाना, राखीव क्षेत्राची हद्द आणि तेथून हलवलेली गावे असतातच. या लेखनाची समीक्षा 'एकांत' हा शब्द सौंदर्यमूल्य म्हणून वापरते. तो एकांत कसा उपलब्ध झाला, हे ती सहसा विचारत नाही. याच रानात फासे लावणाऱ्या पारध्याचे ज्ञान लेखकाच्या ज्ञानाहून उणे नव्हते. मात्र त्याच्यावर गुन्हेगार जमाती कायद्याचा (१८७१ आणि त्याचे पुढील विस्तार) शिक्का १९५२ पर्यंत होता, आणि रानात एकट्याने फिरणे हाच त्याच्याविरुद्धचा संशय ठरत असे. एकाचा एकांत साहित्य झाला, दुसऱ्याचा पोलिसांच्या दप्तरात गेला.

याचा अर्थ एकट्याने रानात जाण्याचा अनुभव खोटा आहे असा नाही. पहाटेच्या थंडीत, वाऱ्याची दिशा पाहत बसलेल्या माणसाला जे एकटेपण जाणवते ते खरेच असते, आणि हेमिंग्वे, फॉकनर, सिल्को यांनी ते ज्या सामर्थ्याने शब्दांत आणले त्याला पर्याय नाही. प्रश्न आहे तो त्या एकटेपणाचे ऋण मान्य करण्याचा. ऋण मान्य करणारी कथा दुबळी होत नाही, हे 'द बेअर'मधील हिशेबाच्या वह्यांनी दाखवले आहे. ऋण नाकारणारी कथा मात्र रानाला रंगपट करून टाकते आणि त्यावर एकच पात्र उरते.

एकट्याने शिकारीला निघणारा माणूस शेवटचे काम म्हणून घरी एक कागद ठेवतो. गाडी कोठे उभी असेल, कोणत्या दरीत मुक्काम असेल, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत परत न आल्यास कोणाला कळवावे, हे त्यावर लिहिलेले असते. हा मोठा विलक्षण मजकूर आहे. शिकारी सुखरूप परतला की तो कोणी वाचत नाही, तो फाडला जातो, आणि त्याच्या जागी कथा सांगितली जाते. तो वाचला जातो तो कथा सांगणारा परत न आल्यावरच. आपण एकटे नाही, हे शिकाऱ्याने त्या कागदावर स्वतःच्या अक्षरात मान्य केलेले असते. शिकारकथनाच्या अभ्यासकाला तो कागद प्रत्यक्ष कधी मिळणार नाही. पण प्रत्येक शिकारकथेमागे तो असतो, आणि कथा वाचताना त्याचा माग काढणे हे समीक्षेचे काम आहे.